मोजणीदार क्रमांक सतरा

४ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वर लिहून जागा घालवत नाही. फोन करणार होते, पण फोनवर मी ओरडते आणि तू 'हो ताई, हो ताई' करत वेळ मारून नेतोस. कागदाचं तसं नाही. तू जन्मभर सरकारी नकाशे सांभाळलेस, कागदावर आलेलं तुला झटकून टाकता येत नाही. म्हणून पत्र.

आपल्या किनाऱ्यावरचं रान तोडणार आहेत. तिथे हॉटेल होणार, चाळीस बंगले होणार आणि बोटींचा धक्का होणार. कंपनीचा माणूस परवा माझ्या दुकानात येऊन हे सांगून गेला. घरात शिरतानाही काळा चष्मा काढत नाही, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणतो. मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते. तो म्हणाला, "बाई, तिथे रान नाहीच. कागद बघा." आणि माझ्या कापडावर त्याने नकाशा पसरला. खिडकीतून रान समोर दिसत होतं आणि हा गृहस्थ मला सांगत होता की ते नाही.

नकाशा एकवीस वर्षांपूर्वीचा आहे, तुमच्याच खात्याचा. त्यावर झाड म्हणून एक नाही. 'मोकळी जागा' असं लिहिलं आहे आणि तिच्याखाली आपली खालची गल्ली काढली आहे, सातही घरं. तीस वर्षांपूर्वी वादळाने ती गल्ली नेली, आणि आपल्या आईला नेलं, हे तुला सांगायला नको. पण नकाशा काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तो आला तेव्हा ती घरं जाऊन नऊ वर्षं झाली होती. आम्ही बायकांनी लावलेली झाडं आठ वर्षांची होती, माझ्या दुप्पट उंच. वाळूत सुरू, चिखलात खारफुटी. त्या शहाण्याने झाडं गाळली आणि घरं काढली.

कंपनीच्या वकिलाचं म्हणणं असं, की नकाशात घरं आहेत म्हणजे जमीन राहण्याची आहे, तिथे बांधता येतं. झाडं नंतर आली, परवानगीशिवाय आली, म्हणून ते अतिक्रमण आहे. वाळू धरून ठेवणाऱ्या झाडांनी अतिक्रमण केलं. असं बोलताना माणसाच्या तोंडाला फेस कसा येत नाही, मला कळत नाही.

आणि एक सांगते, हसू नकोस. त्या नकाशात आपल्या घराची मागची पायरीसुद्धा आहे. जिच्यावर बसून आई केस वाळवायची. ती पाहिली आणि मला कात्री खाली ठेवावी लागली. मग दुप्पट राग आला. कुठल्यातरी जुन्या कागदावरून जशीच्या तशी उतरवली असणार मेल्याने.

खाली सहीऐवजी 'मोजणीदार क्र. १७' एवढंच आहे. मोजणीची तारीख ११ ते १४ फेब्रुवारी. आता नीट आठव. त्याच आठवड्यात तू रजा काढून माझ्याकडे आला होतास. तेव्हा मी तुला निळा शर्ट शिवला होता. तुला कोणी काठी आणि साखळी घेऊन किनाऱ्यावर फिरताना दिसलं होतं का? मला नाही दिसलं. म्हणजे तो आलाच नव्हता.

तुझ्या ऑफिसात शोध. सतरा नंबरचा कोण ते मला हवं आहे.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. गुडघे वाकू देत नाहीत, तरी वाकलो असं धर.

पत्र मिळालं. ही म्हणाली, "वाचता वाचता चहा गार केलात." बातमी वाईट आहे. पण तू वाघासारखी लगेच अंगावर जाऊ नकोस. या कंपन्यांचे हात लांब असतात.

क्रमांकांचं रजिस्टर मी शोधलं, सापडलं नाही. ऑफिस जुन्या इमारतीतून इथे आलं, त्यात बरंच काही गहाळ झालं. त्या काळचे निम्मे मोजणीदार निवृत्त झाले, काही गेले. आणि समज, माणूस सापडला, तरी त्याचा काय उपयोग? कोणी तरुण पोरगा असेल, काहीतरी अडचण असेल. एकवीस वर्षांनी त्याला धरून झाडं वाचणार आहेत का?

कायद्याचं विचारशील म्हणून सांगतो. प्रत्येक नकाशामागे एक मोजणी वही असते. मोजणीदार रोज किती चालला, कुठून कुठे साखळी टाकली, वाटेत काय लागलं, ते जागेवरच त्या वहीत लिहायचं असतं. नकाशा त्या वहीवर उभा असतो. वहीत आणि नकाशात मेळ नसेल तर नकाशा रद्द होऊ शकतो. पण इतक्या जुन्या वह्या सहसा सापडत नाहीत, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नकोस.

त्यापेक्षा कंपनीशी बोलून समुद्राच्या बाजूची एक पट्टी तरी राखून घ्या. काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं.

तुझ्या डोळ्यांना जप. रात्रीची शिवत बसू नकोस.

तुझा धाकटा


२२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचून वाटलं, गॉगलनेच लिहिलं की काय. एक पट्टी राखून घ्या म्हणे. उद्या कोणी माझ्या गिऱ्हाइकाला सांगेल, बाई, झंपराची बाही देतो, बाकीचं कापड विसरा.

पण एक काम तू केलंस. मोजणी वहीचं सांगितलंस. मी लगेच तुमच्या ऑफिसला अर्ज टाकला आहे, नर्सबाईने लिहून दिला. नर्सबाई म्हणजे दवाखान्यातल्या, आता निवृत्त. त्या, मी, बोटवाली धरून सात घरांच्या सात बायका अजून हयात आहोत.

आम्ही काय करतोय ते ऐक. रोज सकाळी ओहोटीला जातो आणि झाडांचा घेर मोजतो, माझ्या टेपने. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, आकडा सांगायचा, नर्सबाई लिहून घेतात. आतापर्यंत चारशे बारा झालीत. बोटवाली म्हणते, "तुझ्या टेपला आता माणसं बारीक वाटतील."

मोजताना मला त्या सतरा नंबरवाल्याचाच राग येत असतो. मी पन्नास वर्षं शिवते आहे. गिऱ्हाईक रोजचं असो, घरचं असो, टेप लावल्याशिवाय मी कात्री चालवत नाही. मास्तरीणबाई दरवर्षी म्हणतात, "अगं, मागचंच माप आहे." मी म्हणते, "उभ्या राहा." माणूस वर्षात बदलतो. आणि हा बाबा सरकारचा पगार खाऊन जागेवर न येता आख्खा किनारा कापून मोकळा झाला. सापडू दे, त्याला कमरेएवढ्या चिखलात उभा करून एकेक झाड मोजायला लावते की नाही बघ. आणि कोणी तरुण पोरगा, काहीतरी अडचण, असं मला लिहू नकोस. आम्हाला काय अडचणी नव्हत्या?

तुझ्याकडून एकच हवं आहे. तोडीविरुद्ध आम्ही तक्रार केली आहे, तिच्या सुनावणीला ये आणि साक्ष दे. त्या चार दिवसांत मी तिथेच होतो, किनाऱ्यावर कोणीही मोजणीवाला दिसला नाही, एवढंच सांग. नकाशांच्या खात्यातला माणूस असं बोलला तर वजन पडेल. आणि ते खरंच आहे.

ताई


९ डिसेंबर

प्रति, अर्जदार (शिलाई दुकान, किनारा रस्ता)

विषय : मोजणी वहीची प्रत मिळणेबाबत.

आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, मोजणीदार क्र. १७ यांची सदर मोजणी वही या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. तसेच क्रमांक वाटपाचे रजिस्टरही उपलब्ध नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

(सही)
प्रमुख, नकाशा अभिलेख


१४ डिसेंबर

धाकट्या,

उत्तर मिळालं. खाली तुझी सही पाहून आधी चमकले, मग म्हटलं, दुसऱ्या कोणाची असणार, प्रमुख तूच. सरकारी भाषेत तू मला ओळखत नाहीस हे वाचून नर्सबाई हसल्या. मला नाही हसू आलं, पण तुझा दोष नाही. वाळवीने खाल्लं त्याला तू काय करणार.

आता खरी बातमी. मंगळवारी सकाळी यंत्र आलं. आम्ही पोचेपर्यंत पूर्वेच्या टोकाची एकसष्ट झाडं आडवी केली होती. झाड तोडतात तेव्हा आवाज होतो असं आपण म्हणतो. या यंत्रापुढे झाडाचा आवाजच होत नाही, ते मुळासकट ढकलतं आणि पुढे जातं. आम्ही सातजणी आडव्या झालो तेव्हा थांबलं. बोटवालीच्या कोपराला लागलं आहे. गॉगल गाडीत बसून फोनवर बोलत होता, खाली उतरलासुद्धा नाही.

उरलेल्या झाडांवर लाल फुल्या मारल्या आहेत. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू वादळानंतर किनाऱ्याचं नाव काढू देत नव्हतास. झाडं लावली तेव्हा सातजणींनी पहिलं रोप आपापल्या घराच्या जागी लावलं होतं. आपलं मी मागच्या पायरीच्या जागी लावलं. अंदाजाने, पण बरोबर तिथेच. आम्ही त्याला आईचं झाड म्हणतो. त्याचा घेर एकशे चाळीस सेंटिमीटर आहे. त्यावर फुली आहे.

सुनावणी अधिकाऱ्यांनी वीस जानेवारीपर्यंत तोड थांबवली आहे. अधिकारी बाई आहेत, तरुण आहेत, कोणाचं ऐकतात की नाही ते अजून कळलं नाही. त्या म्हणाल्या, "घेर मोजलात ते चांगलं केलंत, पण समोर सरकारी नकाशा आहे. तो चुकीचा आहे हे कागदाने दाखवा." वही नाही. आता राहिली फक्त तुझी साक्ष. वीस तारखेला सकाळी अकरा वाजता. आदल्या दिवशीच ये.

ताई


२१ डिसेंबर

ताई,

नमस्कार.

बोटवालीच्या कोपराचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही यंत्रासमोर आडव्या झालात हे मात्र मला अजिबात आवडलं नाही. तू सत्तरीला टेकलीस.

मी येऊ शकणार नाही. माझी नोकरी चार महिने राहिली आहे, आणि सरकारी नोकराने खात्याविरुद्ध साक्ष देणं बरं दिसत नाही. शिवाय मी काय सांगणार, मला कोणी दिसलं नाही, एवढंच. त्याने काय होणार?

आम्ही दोघांनी विचार केला आहे. मुलगी सासरी गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. उजेड चांगला आहे, मशीन खिडकीपाशी बसेल. तू इकडे ये. तिथे हॉटेल झालं तरी तुझ्या डोळ्यांसमोर होणार नाही. किती दिवस एकटी लढशील?

तुझा धाकटा


२७ डिसेंबर

धाकट्या,

मी तुझ्याकडे खोली मागितली होती का? मी एक वाक्य मागितलं होतं. 'मला कोणी दिसलं नाही.' चार शब्द. ते तुझ्या तोंडातून निघत नाहीत आणि मला उजेडाची खोली दाखवतोस.

एकटी म्हणे. आम्ही सातजणी आहोत. वादळानंतरसुद्धा सातजणी होतो. तू तेव्हा खात्याच्या परीक्षेला होतास, आलास, तीन दिवस पांघरूण घेऊन झोपलास आणि परत गेलास. मी कधी काही बोलले नाही. म्हटलं, धाकटा आहे, आईचा लाडका होता, त्याला झेपणार नाही. तीस वर्षं मी हेच म्हणत आले. तुला किनारा झेपणार नाही, वर्षश्राद्ध झेपणार नाही, आता साक्षही झेपणार नाही. तुझं न झेपणं आम्ही किती दिवस झेलायचं?

डोळ्यांसमोर होणार नाही, असं लिहिलंस. सगळ्यांनीच डोळे दुसरीकडे फिरवायचे, मग झाडं तोडायला यंत्रसुद्धा लागणार नाही.

येऊ नकोस. तुझ्याशिवायही आम्ही उभ्या राहू.

ताई


४ जानेवारी

ताई,

तो सतरा नंबर मी आहे.

हे वाक्य लिहायला आठ दिवस लागले. आता पुढचं भराभर लिहितो, नाहीतर पुन्हा थांबेन.

तेव्हा मी रजेवर नव्हतो. साहेबांनी मुद्दाम मला पाठवलं होतं, "तुझंच गाव आहे, लवकर होईल." साखळी आणि काठी मी एसटी स्टँडवरच्या सामानघरात ठेवली आणि तुला रजा म्हणून सांगितलं, कारण मोजणीला आलोय म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला किनाऱ्यावर घेऊन गेली असतीस. पहिल्या सकाळी मी खरंच निघालो होतो. पुलाच्या वळणापर्यंत गेलो. तिथून पाणी दिसतं. मी कठड्यावर बसलो आणि परत आलो. चारही दिवस तेच झालं.

शेवटच्या दुपारी तू दुकानात होतीस. मी घरी, तुझ्या कापायच्या टेबलावर कागद पसरला. स्वतःला म्हटलं, हा किनारा आपल्याला तोंडपाठ आहे, डोळे मिटून काढू. आणि खरंच तसाच काढला. तासाभरात झाला. जसा आई असताना होता तसा. गल्ली, सात घरं, वाळूचं मैदान. पायरी काढायची गरज नव्हती, नकाशात पायऱ्या काढत नाहीत. हात गेला. काढताना बरं वाटत होतं, ताई. त्या तासात माझ्यासाठी काही वाहून गेलं नव्हतं. तुम्ही झाडं लावलीत हे मला ऐकून माहीत होतं. मी ती पाहिली नव्हती, म्हणून काढली नाहीत. मनात आलं, गावाकडचा कागद, कोण बघतंय.

वही ऑफिसात नाही हे खरं आहे. ती माझ्या घरच्या कपाटात आहे, कारण मीच ती घरी आणली होती. वर तारीख आणि माझं नाव आहे, आत काही नाही. एकवीस वर्षांत मी ती उघडलेली नाही. ९ डिसेंबरच्या पत्रावर सही करताना माझा हात थरथरला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. चाळीस वर्षांची सवय.

तू म्हणतेस तसं चिखलात उभं राहायला मी तयार आहे.

धाकटा


१० जानेवारी

तुला हाक मारायला शब्द सापडत नाही, म्हणून तशीच सुरू करते.

पत्र मी तीन वेळा वाचलं. मग मशीनवर बसले आणि एका गणवेशाची बाही उलटी लावली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

मला कळायला हवं होतं. मोजणीवाल्याला आपल्या घराची मागची पायरी कशाला माहीत असेल? ती पाहून मी रडले आणि जुन्या कागदावरून उतरवली असं समजले. ज्याला दोन महिने शिव्या घातल्या तो माझ्याच टेबलावर, माझ्याच हातचं जेवून, माझंच रान पुसत होता. आणि मी तुझ्यासाठी पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं, हेही आता आठवलं.

आईचं दुःख सांगू नकोस. ती माझीही आई होती. तुला बरं वाटावं म्हणून तू कागदावर घर काढलंस. आम्हाला बरं वाटत नव्हतंच, आम्ही खड्डे खणले. ओहोटी असेल तेवढ्या वेळात, कमरेपर्यंत चिखलात, पहिल्या वर्षी लावलेलं निम्मं भरतीने उपटून नेलं तरी पुन्हा. नर्सबाईंचा नवरा गेला होता, बोटवालीच्या दोन मुली गेल्या होत्या. त्यांना काय डोळे मिटता येत नव्हते? गॉगल परका आहे, त्याला नफा दिसतो, तो तोडणारच. तू घरचा असून पहिली कुऱ्हाड तुझी. आणि ती लपवायला माझ्या अर्जावर सरकारी सही.

मला खूप राग आला आहे. तो जाईल असं समजू नकोस.

आता काम. वही घेऊन वीस तारखेला अकरा वाजता ये. जे मला लिहिलंस तेच तिथे उभं राहून सांग, पायरीचं, तासाचं आणि सहीचंही. एक शब्द कमी नको. ते झालं की परत जा. माझ्या घरी येऊ नकोस, मला तुला जेवायला वाढता येणार नाही.


२४ जानेवारी

धाकट्या,

तू सांगून झाल्यावर अधिकारीबाईंनी तुला बाहेर बसायला सांगितलं आणि तू तिथूनच बस पकडलीस, असं शिपायाने सांगितलं. मी 'घरी येऊ नकोस' लिहिलं होतं ते तू बरं पाळलंस. आत पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

तू दार ओढून घेतलंस आणि कंपनीचा वकील उठला. मला वाटलं होतं, आता त्याची बोलती बंद. तो तर हसत होता. म्हणाला, "साक्षीदार अर्जदारबाईंचा सख्खा भाऊ आहे. बहिणीचं रान वाचवायला भाऊ नोकरीच्या शेवटाला येऊन खोटं बोलतोय. आणि वही काय, कोरी वही कुठल्याही दुकानात मिळते." मी उभी राहून काहीतरी बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. बाईंनी मला बसवलं.

मला तेव्हा तुझी कीव आली, हे खरं सांगते. एकवीस वर्षं खोटं चाललं तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. खरं बोललास त्या दिवशी मागितला.

बाईंनी वही हातात घेतली. खात्याचा शिक्का पाहिला, पानांवरचे छापील आकडे पाहिले, तुझी तारीख पाहिली. मग एकेक पान उलटत गेल्या. चाळीस पानं कोरी. सगळे कंटाळले होते. शेवटच्या पानावर त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचलं, "छाती छत्तीस. खांदा सतरा. बाही तेवीस. उंची अठ्ठावीस. कॉलर साडेचौदा. तारीख तेरा फेब्रुवारी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे अक्षर कोणाचं?"

माझं होतं. त्या दिवशी माझी माप वही दुकानात राहिली होती. तू टेबलापाशी बसला होतास, मी तुला उभं केलं, माप घेतलं आणि हाताला लागलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. तुला आठवत नाही, मलाही आठवत नव्हतं. मी माझी त्या सालची माप वही पिशवीत घेऊन गेले होते, कारण झाडांचे घेर तिच्याच मागे लिहायला सुरुवात केली होती. त्यांनी दोन्ही अक्षरं शेजारी ठेवली. माझ्या वहीत १८ फेब्रुवारीला निळा शर्ट, मापं तीच.

कोणीतरी हसलं. बाईंनी वही वकिलासमोर धरली आणि म्हणाल्या, "चार दिवसांच्या सरकारी मोजणीत मोजलेली एकच वस्तू दिसते आहे, आणि ती मोजणीदार स्वतः आहे. तीही मोजणीदाराने मोजलेली नाही."

नकाशा रद्द झाला. ओहोटीच्या वेळी, चालत, झाडन् झाड मोजून नवीन करायचा हुकूम आहे. तोवर फांदीलाही हात लावायचा नाही. गॉगल वरच्या कचेरीत जाणार म्हणतोय, जाऊ दे, आम्हीही जाऊ. तुझ्या सहीची चौकशी होणार, असंही त्यांनी लिहिलं आहे. ते योग्यच आहे, आणि मी त्याबद्दल कोणाला विनंती करणार नाही.

नवे मोजणीदार पाच फेब्रुवारीला येतात. त्यांच्यात तू नाहीस आणि नसावंसही. पण तू चार तारखेला ये. आधी पुलाच्या वळणावर मी थांबेन. कठड्यावर बसू देणार नाही. तिथून खाली जायचं, चपला हातात घेऊन, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. आईचं झाड कुठलं ते तुला दाखवणार नाही, पायरी कुठे होती ते तुला तोंडपाठ आहे ना, तूच शोध.

नंतर घरी. जेवायला वाढीन. शर्ट शिवायचा असेल तर उभा राहा, मागच्या मापावर मी शिवत नाही.

राग गेलेला नाही. पूर्वेच्या टोकाला एकसष्ट खड्डे खणायचे आहेत. रोपं बोटवालीकडे तयार आहेत आणि फावडं मी देईन. खणायला मात्र आमच्यापैकी कोणीही येणार नाही.

ताई